नेमावरला पाय अडलाय, परिक्रमा पुढे कशी न्यावी?

रेवाकाठची
नर्मदे हर. कार्तिकी एकादशीनंतर मी आणि माझी जाऊ नर्मदा परिक्रमेला ओंकारेश्वरहून पायी निघालो. दक्षिण तट झाला, विमलेश्वरहून नावेने मीठी तलाईला उतरलो, आता उत्तर तटावर नेमावरला आहोत. महेश्वर सोडल्यापासून डाव्या नडगीत कळ येत होती, आता बोटाने दाबलं तरी जीव जातो. खातेगावच्या डॉक्टरांनी हाडाला बारीक तडा असावा म्हणून चालणं बंद केलंय. ऊन तापायच्या आत नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकला पोचायचा बेत मोडला.

मनही थकलंय. पहाटे अंधारात आसन गुंडाळायचं, संध्याकाळी नव्या ओसरीवर लावायचं. परवा एका माउलीने चहाला हाक मारली, तर थांबून चार शब्द बोलायचंही जिवावर आलं. हरदा स्टेशन पलीकडच्या तटावर जवळच आहे. नाशिकला घरी जावं का? पण परिक्रमेत नर्मदा मध्येच ओलांडायची नसते, पूल ओलांडला की परिक्रमा खंडित. की उरलेली गाडीने करू?

शहादेकर
ताई, आमच्या घरी दर हिवाळ्यात परिक्रमावासी मुक्कामाला असतात, अशी नडगी धरलेले बरेच पाहिलेत. डांबरी रस्त्याने रोज लांबचा पल्ला मारला की हे होतं. हरद्याला जाऊ नका, इंदूरला जा. इंदूर उत्तरेलाच आहे, नर्मदा मैया ओलांडावी लागत नाही, आणि खातेगावहून थेट बस आहे. ताजा तडा एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, म्हणून एमआरआयचं विचारा. तडा निघाला तर सहा ते आठ आठवडे धरून चाला.

पुढचं आत्ता ठरवूच नका. जुन्या रीतीची परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची, आणि चातुर्मासात तर सगळेच एका जागी थांबतात. थांबणं तिच्यात धरलेलंच आहे. उत्तर तटावरच राहून बऱ्या व्हा, वाटलं तर चातुर्मासही तिकडेच करा आणि कार्तिकात उठा. गाडीने जायचं ठरलं, तर बसण्याआधी वाटेत मैयावरचा पूल लागतो का, हे ड्रायव्हरला विचाराच.

मनाच्या थकव्याला एक उपाय मी सगळ्यांना सांगतो. तयार प्रसादाऐवजी सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा, मागून घ्या आणि स्वतः पिठलं-भाकरी करा. रोज परक्या हातचं, परक्या वेळेला जेवून माणूस आतून उपरा होतो. तवा तापला, पिठल्याला लसणाची फोडणी बसली की दोघी आपोआप बोलायला लागाल.

घाटावरचा
माझं मत वेगळं आहे. दुखऱ्या पायाने परगावी किती दिवस काढणार? सरळ घरी जा. माझ्या वडिलांना मंडल्याहून परतावं लागलं होतं. पुढच्या वर्षी त्याच घाटावर पुन्हा संकल्प करून त्यांनी तिथूनच चालायला सुरुवात केली. रूढीने ती खंडित, हे खरं. पण आश्रमातल्या महाराजांनी त्यांना आनंदाने आसन दिलं. तुमच्या जाऊबाईंचंही विचारा, त्यांचे पाय धड आहेत.

रेवाकाठची
जाऊबाईंना विचारलं. त्या एकट्या पुढे जायला तयार नाहीत, घरी परतायलाही नाहीत. उद्या सकाळच्या बसने इंदूरला निघतो, मैयाच्या जलाची कुपी सोबत आहे. मोठ्या इस्पितळाजवळ दोघींना महिनाभर राहता येईल आणि स्वयंपाक करू देतील अशी खोली कुणाला माहीत असेल तर कृपया कळवा.