नाशकात पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी: नाशिककरांनो, नेमकं सांगा

स्थळांच्या याद्या सगळीकडे मिळतात. इथे कुठे उतरायचं, कधी निघायचं आणि काय चुकतं तेवढंच लिहूया. सुरुवात मी करते, पुढे ज्याने त्याने आपण कुठून लिहितोय ते वर टाका.

सगळ्यात जास्त घोळ उतरण्यात होतो. रेल्वे स्टेशन नाशिकरोडला आहे आणि नाशिकरोड म्हणजे नाशिक गाव नव्हे. पंचवटी तिथून नऊ-दहा किलोमीटर. स्टेशनवरून सिटीलिंकची बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते. बसण्याआधी 'शालिमार' की 'निमाणी' ते सांगा. शालिमार नदीच्या अलीकडे, मेनरोडजवळ. निमाणी पलीकडे, पंचवटीत. एसटीच्या तिकिटावरचं स्थानकही नीट वाचा: जुनं सीबीएस, नवं सीबीएस म्हणजेच ठक्कर बाजार, आणि मुंबई नाक्याजवळचं महामार्ग. पहिली दोन एकमेकांपासून चालत जाण्यासारखी, तिसऱ्यासाठी रिक्षा करावी लागते.

सिन्नर फाट्यावरून

गाडीने येणाऱ्यांसाठी भर. समृद्धी महामार्ग नाशिक शहरातून जात नाही. मुंबईहून येताना इगतपुरीला उतरून मुंबई-आग्रा रस्ता धरायचा. नागपूरकडून येताना सिन्नर तालुक्यात उतरून पुणे रस्त्याने यायचं. याच वाटेवर सिन्नरचं गोंदेश्वर आहे. मधलं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांना चार लहान, अशी रचना. तासभर काढाच, बहुतेक लोक ते न बघताच पुढे जातात.

पंचवटीतून

आधी एक शब्द समजून घ्या. 'गंगेवर जा' असं कुणी सांगितलं तर ती गोदावरीच. आमच्याकडे नदीला गंगाच म्हणतात.

पायी क्रम असा ठेवा: रामकुंड (गोदावरीतलं स्नानाचं कुंड), समोरच्या पायऱ्या चढून कपालेश्वर (महादेवाचं देऊळ, पण पुढे नंदी नाही), मग काळाराम आणि शेवटी सीतागुंफा. सकाळी सातला निघालं तर दहापर्यंत आरामात होतं. गुंफेची वाट बुटकी आणि अरुंद आहे, बसून सरकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी बाहेरच थांबावं. काळारामच्या दारात उभे राहाल तेव्हा २ मार्च १९३० आठवा. मंदिरप्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा सत्याग्रह त्या दिवशी इथेच सुरू झाला आणि पुढे पाच वर्षं चालला.

घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, स्नानाला उतरताना साखळी सोडू नका. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाट पाण्याखाली जातो. पूर किती आला ते दुतोंड्या मारुतीवरून, म्हणजे घाटावरच्या उंच मूर्तीवरून कळतं: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. घाटाजवळच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. मारुतीच्या पायाशी पाणी दिसलं की गाडी घाटावर लावायचीच नाही.

बुधवारी इथे आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी गाडी अजिबात आणू नका.

त्र्यंबक रोडवरून

त्र्यंबकेश्वर २८-३० किलोमीटर. पहाटे निघा. श्रावणी सोमवार टाळा, आणि तिसरा तर नक्कीच, कारण त्या दिवशी ब्रह्मगिरी डोंगराच्या प्रदक्षिणेला गाव भरून जातं. गाभाऱ्यात वर आलेली पिंड शोधू नका. इथे खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं. रांग पुढे ढकलली जाते, क्षणभरच मिळतो, म्हणून नजर थेट खाली लावा. नारायण नागबली तीन दिवसांचा विधी आहे. तो करायचा असेल तर मुक्काम धरूनच या आणि दक्षिणेत काय-काय आलं ते गुरुजींशी आधी स्पष्ट बोला.

सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंचे शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर आणि वैष्णव नाशकात रामकुंडावर स्नान करतात. कुणाला भेटायचं असेल तर त्याप्रमाणे गाव ठरवा.

पाथर्डी फाट्यावरून

पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी लेणी. पांडवांशी संबंध नाही, ही बौद्ध लेणी आहेत आणि एकूण २४ आहेत. पायऱ्यांचा चढ वीस-पंचवीस मिनिटांचा. पाणी खालूनच भरून न्या, आणि खाऊची पिशवी हातात नको, माकडं ओढतात. वेळ कमी असेल तर ३, १० आणि १८ ही तीन तरी बघा. १८ क्रमांकाचा चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह आहे. तिसऱ्यात ओसरीचा कठडा खांद्यावर पेलणारे यक्ष जमिनीतून अर्धे वर आलेले दिसतात. आत जाण्याआधी ओसरीच्या मागच्या भिंतीकडे बघा, तिथे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा ब्राह्मी लेख आहे. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवले: २००० दरमहा शेकडा एक दराने, १००० पाऊण दराने. मुदत ठेवच ती, आणि मुद्दलाला हात लावायचा नाही हेही दगडात कोरून ठेवलंय! गोवर्धन गाव आजही गंगापूर रोडला आहे.

मखमलाबादहून

मिसळ सकाळीच खा. इथला रस्सा काळ्या मसाल्याचा. मटकी, शेव, कांदा ताटलीत येतं आणि रस्सा वेगळा. तो सगळा एकदम ओतला की शेवेचा लगदा होतो; चार-पाच चमचे घाला, संपला की पुन्हा. तिखट सोसत नसेल तर वरची तर्री बाजूला सारून खालचा रस्सा घ्या, दही सोबत ठेवा.

द्राक्षं जानेवारी अखेर ते मार्च. हिरवीगार बघून भुलू नका, किंचित पिवळसर झाक आलेला मणी गोड. देठ हिरवा हवा, तपकिरी पडला म्हणजे माल शिळा. मण्यावरची पांढुरकी लव नैसर्गिक असते. ती पुसू नका, खातानाच धुवा. प्रवासात बंद पिशवीत भरली तर घाम सुटून सडतात. खोक्यात कागद घालून एकच थर ठेवा.

जुन्या नाशकातून

रंग खेळायला यायचं तर धुळवडीला नको, रंगपंचमीला या. पेशवेकालीन रहाडी, म्हणजे दगडी हौद, फक्त त्या दिवशी उघडतात. एरवी त्यांच्यावरूनच रस्ता जातो. तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा. आत उडी मारणं म्हणजे 'धप्पा'. खाली माणूस नाही ना, एवढं बघून मग मारा. मोबाईल आधी कुणाकडे तरी द्या, आणि अंगाला तेल चोपडून या. रंग पक्का असतो, दोन-तीन दिवस सुटत नाही.