खरी गोम मायक्रोवेव्हच्या दारात आहे
ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीत उमटणारे ‘पेरिटॉन’ नावाचे कोड्यात टाकणारे क्षणिक रेडिओ संकेत शेवटी मायक्रोवेव्हचे निघाले. मायक्रोवेव्ह २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, मग १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकणाऱ्या या दुर्बिणीत त्याचे संकेत शिरले कसे, ही शंका अगदी रास्त आहे. टायमर संपायच्या आत दार ओढलं की मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्हमधला लहरी तयार करणारा भाग) बंद पडता पडता क्षणभर भलत्याच वारंवारितांवर लहरी सोडतो, आणि दार उघडं असल्याने त्या बाहेर निसटतात. टायमर पुरता संपू दिला तर असं होत नाही; म्हणून तर हे कोडं २०१५ पर्यंत सुटलं नाही! हे संकेत आकाशातले नाहीत याची मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच खूण: हे ‘पेरिटॉन’ रिसीव्हरच्या १३ही बीममध्ये, म्हणजे आकाशाच्या वेगवेगळ्या ठिकाणांकडे रोखलेल्या १३ही ‘नजरां’मध्ये, एकदम उमटायचे. दूर आकाशातला खरा स्फोट सहसा एखाद्या बीममध्येच सापडतो. शिवाय ते यायचे कामाच्या वेळेतच.