अनुभव धागा : नळीतला गर्भ वेळेत कसा ओळखायचा?

पेशंट रोज समोर येतात अशांनी लिहावं. कहाण्या नकोत, काय विचारायचं, काय तपासायचं आणि चुकतं कुठे, तेवढं सांगा.

स्त्रीरोगतज्ज्ञ
शंभरात एक-दोन गर्भ गर्भाशयाबाहेर रुजतात, त्यातले ९० टक्क्यांहून जास्त गर्भनलिकेत. नळी ताणली गेली की, शेवटच्या पाळीपासून साधारण ६ ते ८ आठवड्यांत, दुखू लागतं, बहुधा ओटीपोटात एका बाजूला. सोबत थोडं थोडं काळपट अंगावरून जातं. खरा घोळ इथेच होतो. हे डाग तारखेच्या आसपास दिसले की बाई ‘पाळी आली’ म्हणते आणि आपण तसं लिहून मोकळे होतो. पाळी नेहमीसारखी होती का, किती दिवस होती, त्याआधीची कधी आली होती, हे विचाराच. आधी नळीत गर्भ राहिलेला असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा टीबी होऊन गेला असेल, तर पाळी चुकताच तपासणी हवी.

आरोग्यसेविका
‘कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय’, ‘तांबी बसवलीय’ म्हणून लघवीवरचं गर्भ तपासणीचं किट टाळू नका. हे उपाय क्वचितच फसतात, पण फसले तर गर्भ नळीत असण्याची शक्यता वाढते. दुसरी रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच. गर्भ कुठे आहे, हे मात्र किट सांगत नाही.

फार्मासिस्ट
यातूनच पुढचा धोका. किट पॉझिटिव्ह आलं की काहीजणी थेट गर्भपाताच्या गोळ्या मागतात. मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉलने नळीतला गर्भ पडत नाही. गर्भाशयाचं अस्तर तेवढं सुटतं, रक्त जातं आणि ‘झालं मोकळं’ असं वाटतं. कळकळीनं सांगतो, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय या गोळ्या कुणालाही देऊ नका.

सोनोलॉजिस्ट
किट पॉझिटिव्ह आणि गर्भाशय रिकामं, हा रिपोर्ट ‘नॉर्मल’ नव्हे. सोनोग्राफी योनीमार्गेच करावी. गर्भाशयात नुसतं पाणी साठूनही पिशवीचा भास होतो. आत योक सॅक (गर्भाच्या पिशवीतली छोटी गोल पिशवी) दिसेपर्यंत खात्री धरू नये. काहीच दिसलं नाही तर बीटा एचसीजी (गर्भामुळे रक्तात वाढणारं संप्रेरक) ४८ तासांनी पुन्हा. आकडा १५०० च्या खाली असताना निदान निम्म्याने तरी वाढायला हवा. नीट वाढला म्हणून नळीतला गर्भ नाहीच, असंही नाही.

इमर्जन्सी विभागातला डॉक्टर
नळी फुटली की रक्त पोटात साठतं, बाहेर जेमतेम डाग. ते रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की खांद्याच्या टोकाला दुखतं, आडवं झाल्यावर जास्तच. संडासला लागल्यासारखं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. याला गॅस किंवा जुलाब समजून सलाईन लावून घरी पाठवतात. जीव जातो तो इथे. तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकतं, म्हणून नाडी मोजा. १०८ बोलवा, आडवं झोपवा, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. रक्त आणि ऑपरेशनची सोय असेल तिथेच न्या.

प्रश्न : इंजेक्शनने भागतं ना?

स्त्रीरोगतज्ज्ञ
नळी फुटलेली नसेल, आकडा कमी असेल आणि बाई तपासणीला नक्की येणार असेल, तर मेथोट्रेक्सेट (गर्भाची वाढ थांबवणारं इंजेक्शन) देतो. चौथ्या आणि सातव्या दिवशी बीटा एचसीजी. चौथ्या दिवसापेक्षा सातव्या दिवशी १५ टक्के तरी घट हवी. आकडा शून्यावर येईपर्यंत फॉलिक ॲसिड बंद. त्या काळातही नळी फुटू शकते, तेव्हा पोटात जोरात दुखलं तर रात्री-अपरात्रीही निघायचं.