शिकागोत शहराची पिस्तूलबंदी कोर्टात पडली, मग आपल्याकडे "हत्यार जमा करा" याला आव्हान देता येते का?

काटोलरोडवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक आहे, पण पूर्ण वाचा.

बाबांच्या नावावर .32 ची रिव्हॉल्वर आहे, सरकारी कारखान्याची. आम्ही राहतो नागपूर शहरात, म्हणून परवाना पोलिस आयुक्तांचा. संत्र्याची बाग मात्र काटोलकडे. बाबांवर आजवर साध्या भांडणाचीही केस नाही. तरी निवडणूक लागली की ठाण्यातून फोन येते, "काका, हत्यार आणून द्या." लेखी काही नाही. काहून म्हणून विचारलं तर "सगळ्यांचेच जमा करून राहिलो" एवढंच उत्तर.

2024 ची विधानसभा नेमकी आंबिया बहाराच्या तोडणीत आली. सौदा झाला की व्यापाऱ्याची रोकड घरात, बागेत रात्री राखण, आणि रिव्हॉल्वर ठाण्याच्या कपाटात. निकाल लागला, सरकार बसलं, तरी परत मागायला गेलो की "साहेब बंदोबस्तात आहेत."

माझा आतेभाऊ शिकागोजवळ राहते. तो म्हणतो तिथे एका म्हाताऱ्या माणसाने अख्ख्या शहराची पिस्तूलबंदी सुप्रीम कोर्टात उडवली, तुम्ही मुकाट्याने नेऊन काय देता? तर प्रश्न असा: आपल्याकडे हायकोर्टात, म्हणजे इथल्याच खंडपीठात, असं काही चालेल का? की आमदाराला धरलेलं बरं?

बर्डीवाला

आमदाराला जरूर भेट भाऊ. त्याचीही जमा झाली असेल तर दोघं मिळूनच ठाण्यात जा.

इलिनॉयवासी वैदर्भी

तुमच्या आतेभावाने अर्धीच गोष्ट सांगितली. मी इथे बरीच वर्षं आहे, उरलेली सांगतो.

तो म्हातारा म्हणजे ओटिस मॅक्डॉनल्ड. इमारतीच्या देखभालीचं काम करून निवृत्त झालेला, वय सत्तरीच्या पुढे, घरात चोऱ्या झालेल्या. शिकागोने 1982 पासून नव्या पिस्तुलांची नोंदणीच बंद केली होती आणि नोंदणीशिवाय बाळगणं गुन्हा, म्हणजे बंदीच. त्याच्या आधी 2008 मध्ये हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने वॉशिंग्टन शहराची 1976 ची बंदी 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द केली होती. पण वॉशिंग्टन केंद्राच्या अखत्यारीतलं. शस्त्र बाळगण्याचा तोच हक्क राज्यांना आणि शहरांनाही बांधतो का, हा मॅक्डॉनल्डचा प्रश्न होता. 28 जून 2010 ला कोर्ट हो म्हणालं, पुन्हा 5 विरुद्ध 4.

आता पुढचं बघा. आठवडा उलटायच्या आत शिकागोच्या नगरसभेने नवा नियम केला: परवाना हवा तर गोळीबाराच्या मैदानावर प्रशिक्षण घ्या. आणि त्याच नियमात शहराच्या हद्दीत असं मैदान चालवायला बंदी! ते पाडायला पुन्हा खटला, 2011. मग हत्यार घेऊन घराबाहेर पडण्यावर राज्याची, म्हणजे शिकागो ज्यात येतं त्या इलिनॉयची, बंदी होती, ती 2012 च्या डिसेंबरात अपिलाच्या कोर्टाने घटनाबाह्य ठरवली आणि कायदा करायला राज्याला 180 दिवस दिले.

खरा फरक इथून पडला. 2013 च्या जुलैत इलिनॉयच्या विधिमंडळाने परवान्याचा कायदा केला. गव्हर्नर पॅट क्विन यांनी त्यात बदल सुचवून तो परत पाठवला, तर विधिमंडळाने त्यांना डावलून मूळ कायदाच पक्का केला. आणि त्यात एक कलम घातलं की पिस्तुलांचे नियम यापुढे राज्यच करणार, शहरांनी आपापले करायचे नाहीत. कोर्टात इतकी वर्षं जे एकेक करून सुटत होतं, ते विधिमंडळात एका फटक्यात झालं. अर्थात राजकारण दोन्ही बाजूंना फिरतं. याच राज्याने 2023 च्या जानेवारीत लष्करी धाटणीच्या रायफलींवर राज्यभर बंदी आणली, आणि आता त्यावर खटले चालू आहेत.

तात्या_सिव्हिललाइन्स

वर अमेरिकेचं चांगलं सांगितलं. आता कृपा करून ते सगळं दाराबाहेर चपलेसारखं काढून ठेवा, मग आत या. मी हायकोर्टाच्या या खंडपीठात बरीच वर्षं फौजदारी बाजू पाहिली आहे. शिकागोचा निकाल हातात घेऊन बेंचसमोर उभा राहिलेला वकील मला तरी बघायचा नाही.

मॅक्डॉनल्डकडे टांगायला खुंटी होती, त्यांच्या घटनेची शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी दुरुस्ती. आपल्याकडे ती खुंटीच नाही. 2023 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने बिनपरवाना हत्यारांच्या एका प्रकरणात हे बोलून दाखवलं: अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क, आपल्या घटनेत तसा कोणालाही दिलेला नाही. तुमच्या बाबांकडे आहे तो 1959 च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना.

राज्याच्या राजकारणाचंही तेच. शस्त्रं हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. मुंबईला किंवा हिवाळ्यात इथे विधानभवनात कितीही घोषणा द्या, महाराष्ट्राला इलिनॉयसारखा कायदा करताच येत नाही. राजकारणाने काही हललं असेल तर ते दिल्लीत. 2019 च्या दुरुस्तीचं विधेयक आलं तेव्हा माणशी तीनवरून एकच हत्यार ठेवायचा प्रस्ताव होता. खासदारांकडे लोक गेले, आरडाओरड झाली, शेवटी कायद्यात दोन झाली. परवान्याची मुदतही तीनची पाच वर्षं झाली.

मग तुमच्या हाती काय? भरपूर आहे, फक्त ते हक्काच्या भाषेत मागू नका. कारण मागा.

निवडणुकीत सरसकट हत्यारं गोळा करा असं खुद्द निवडणूक आयोगाच्या सूचनाही सांगत नाहीत. छाननी समिती असते: जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षक, आयुक्तालयाच्या शहरात आयुक्तांच्या पातळीवर. तिने एकेक परवानाधारक बघायचा. जामिनावर सुटलेला, गुन्ह्यांचा इतिहास असलेला, पूर्वी दंग्यात, विशेषतः निवडणुकीच्या दंग्यात असलेला, अशांची हत्यारं घ्यायची. सरसकट आदेश चालणार नाही, हे आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेच पूर्वी सांगितलं आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 च्या मार्चमध्ये, लोकसभेच्या तोंडावर, पुन्हा सांगितलं की समितीने कारण नोंदवून लेखी आदेश दिल्याशिवाय परवानाधारकाला हत्यार जमा करायला लावू नका. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण वाचून दाखवता येतो.

म्हणजे तुमची केस काय झाली? "लेखी आदेश नाही, समितीचा निर्णय नाही, बाबांवर गुन्हा नाही." तीन वाक्यं. अमेरिकेत याला दोनशे पानं लागतात.

फोन आला की भांडू नका. साधा अर्ज लिहा: परवान्याची प्रत, गुन्हा नसल्याचं निवेदन, बागेचा सातबारा, तोडणीचे दिवस, आणि विचारा की समितीने माझ्याबाबत काय ठरवलं ते लेखी द्या. आयुक्तालयाच्या आवक-जावकमध्ये देऊन पोच घ्या. आणि हो, उत्तर येईपर्यंत हत्यार घरी दडवून बसायचं नाही. खरा लेखी आदेश निघालेला असेल आणि तुम्ही तो मोडला, तर इतक्या वर्षांचा स्वच्छ परवाना एका दिवसात धोक्यात येतो. मी असे अशील पाहिले आहेत, तत्त्वासाठी अडून बसलेले आणि पुढे नूतनीकरणासाठी खेटे घालणारे.

निवडणूक-ड्युटीवाल्या बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मतदान केंद्रावर रात्र काढलेली माणसं इथे किती आहेत? यंत्रं सांभाळत बसायचं, बाहेर दोन गटांची तणातणी, आणि बंदोबस्ताला मोजके पोलिस. त्या वेळी गावात किती हत्यारं कोणाच्या कमरेला आहेत हा विचार मनात येतोच. बागायतदाराची रिव्हॉल्वर महिना-दीड महिना ठाण्यात राहिली तर कोणाचा जीव जात नाही. सगळ्यांचीच घेतली तर निदान "ह्याची घेतली, त्याची सोडली" हे राजकारण तरी होत नाही. छाननी समिती म्हणे! ज्याची वर ओळख, त्याचं हत्यार घरीच राहणार, हे सांगायला वकील लागत नाही.

तात्या_सिव्हिललाइन्स

बाई, ओळखीचा मुद्दा खरा आहे, आणि तो फक्त निवडणुकीपुरता नाही. शहरात आयुक्तांनी परवाना नाकारला की अपील राज्य सरकारकडे जातं, म्हणजे गृहखात्याच्या मंत्र्यापुढे. ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्याविरुद्धचं अपील विभागीय आयुक्तांकडे. 2025 मध्ये पुण्यातलं एक प्रकरण यावरूनच गाजलं: आयुक्तांनी नाकारलेला परवाना मंत्र्यांच्या पातळीवर अपिलात मंजूर झाल्याचा वाद. राज्याचं राजकारण या विषयात शिरतं ते असं.

पण म्हणूनच लेखी कारण हवं ना. समितीने कोणाचं हत्यार कोणत्या कारणाने सोडलं हे कागदावर असेल, तर तुम्हीही बोट ठेवू शकाल. फोनवरच्या आदेशात तुम्हालाही काही दिसत नाही आणि ह्या भाऊंनाही नाही. सरसकट जमा करणं तुम्हाला समान वाटतं, पण ज्याच्याकडे बिनपरवान्याचा देशी कट्टा आहे त्याला कोणी फोन करत नाही. मतदान केंद्राबाहेर भीती त्याची बाळगा.

काटोलरोडवाला

तात्या, धन्यवाद जी. बाई, तुमचंही पटते. बाबांचं म्हणणं असं की जमा करायला ना नाही, पण माणसाला गुन्हेगारासारखा फोन करू नका. दोन शंका आहेत. अर्जाला उत्तरच नाही आलं तर? आणि अपील करायचं झालं तर किती दिवस मिळतात?

तात्या_सिव्हिललाइन्स

परवाना नाकारला, रद्द केला किंवा निलंबित केला तर कलम 18 खाली अपील, 30 दिवसांत. नाकारताना कारण लिहून ठेवायचं बंधन कलम 14 मध्येच आहे; मागितलं की त्याचं थोडक्यात निवेदन द्यावं लागतं, जनहिताचं कारण पुढे करून टाळलं तरच अपवाद. निवडणुकीतल्या तोंडी जमा करण्याविरुद्ध मात्र अपिलाची वाट सरळ नाही, तिथे थेट हायकोर्टात रिट याचिकाच. पोच असलेला अर्ज आणि त्यावर मौन, एवढ्यावर याचिका उभी राहते. पण आचारसंहिता लागल्यावर धावत आलात तर सुनावणीला येईपर्यंत निकाल लागलेला असतो, आणि सरकारी वकील हसून म्हणतो की आता विषयच उरला नाही. म्हणून निवडणुकीची कुजबुज सुरू झाली की अर्ज टाका, वॉर्डांच्या सोडतीच्या वेळीच टाका.

आणि कधी जमा करावी लागलीच तर पावतीवर रिव्हॉल्वरचा क्रमांक, काडतुसांची संख्या, घेणाऱ्याची सही, हुद्दा आणि ठाण्याचा शिक्का. काडतुसं मोजून द्या. परत घेताना तिथेच टेबलावर पुन्हा मोजा, घरी येऊन नको.