वैष्णोदेवीचं नाणं आणि ‘लाखोंची’ किंमत

वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या २०१२च्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात का, असं एकाने विचारलंय. नाही मिळत, आणि नाणं विकून देतो म्हणणाऱ्या कुणालाही कृपया ‘नोंदणी फी’ पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने अशी फी किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द बँकेनेच २०२१मध्ये सांगितलंय. हे नाणं चलनात भरपूर आलं होतं. माझ्याकडची दोन्ही भाजीवाल्याने सुट्ट्यात दिलेली आहेत.

स्मारक नाणं (एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेलं) म्हणजे दुर्मिळ, हाच मुळात गैरसमज आहे. किंमत ठरते ती नाणं कोणत्या टाकसाळीत पाडलंय आणि त्याची अवस्था कशी आहे यांवर. नाण्यावरच्या सालाखाली टाकसाळीची खूण असते, ती भिंगातून बघा: पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, खूण नसेल तर कोलकाता. एकाच नाण्याच्या एखाद्या टाकसाळीची प्रत सहज मिळते, दुसरीची शोधत फिरावं लागतं.

आणि नाणी घासू नका हो! काकांनी १९६४चा नेहरूंचा रुपया चिंच-मीठ लावून लखलखीत केला. भिंगाखाली गालावर बारीक ओरखडेच ओरखडे दिसतात, टाकसाळीची मूळ झळाळी कायमची गेली. १९९९चा शिवाजी महाराजांचा दोन रुपया न वापरलेला मिळाला, तर तसाच पाकिटात ठेवा.