नवी 'जाती' की नवी 'प्रजाती'?

खाडीकाठ: आचऱ्याच्या खाडीतल्या मातीवर मराठी टिपण लिहितोय. मी 'ॲक्टिनोमायसीटची (मातीतल्या धाग्यांसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंची) नवी प्रजाती' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'जाती' केलं. काय ठेवू?

कोशकिडा: जातीच. परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट; जाती म्हणजे स्पीशीज. स्ट्रेप्टोमायसीस ही प्रजाती, ग्रिसियस ही त्यातली जाती. वर्तमानपत्रांनी प्रजातीचा हिंदीतला अर्थ, स्पीशीज, उचलला नि घोळ केला.

चिप्पी: आणि आंब्याचं काय? हापूस एक जात, पायरी दुसरी, स्पीशीज मात्र एकच. बोलीतली जात स्पीशीजच्या खालची आहे हो. सरळ 'स्पीशीज' लिहा.

प्लेटवाला: आधी 'नवी' कशावरून ते सांगा. जिवाणू ओळखायच्या १६एस जनुकाचं जवळच्या माहीत जातीशी साम्य किती?

खाडीकाठ: ९९.१ टक्के. जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून व्हायचाय.

प्लेटवाला: मग 'नवी' खोडा. ९८.७ च्या खाली असतं तर आशा होती. वर असलं की जीनोमच बोलतो: जवळच्या जातीशी न्यूक्लिओटाइड साम्य सरासरी ९५-९६ टक्क्यांखाली, डिजिटल डीएनए संकरण (संगणकावर काढलेली दोन जीनोमांची जुळणी) ७० टक्क्यांखाली, तरच नवी. शिवाय जवळच्या जातीचा नमुना-वाण (ज्याच्यावरून त्या जातीचं नाव ठरलं तो) आणून त्याच खाद्य-माध्यमावर शेजारी वाढवायचा. पेशीभिंतीतलं डायअमायनोपिमेलिक आम्ल एलएल रूपातलं की मेसो रूपातलं तेही बघा. मेसो निघालं तर ते स्ट्रेप्टोमायसीस नव्हेच. शेवटी दोन देशांतल्या दोन संग्रहांत जिवंत वाण ठेवल्याशिवाय नाव वैध होत नाही. तोवर नुसतं 'वाण' (स्ट्रेन) म्हणा.

कोशकिडा: वाण चालेल. पण ॲक्टिनोमायसीट कशाला? 'किरणकवक' आहे ना! ग्रीक अक्टिस म्हणजे किरण, मायकेस म्हणजे कवक.

प्लेटवाला: कवक नाही, जिवाणू आहे तो. कवक मरावं म्हणून आगरात (जिवाणू वाढवायच्या जेलीत) सायक्लोहेक्सिमाइड घालतो, हा त्यातच आरामात वाढतो. वसाहत सुईने उचलून बघा: चामड्यासारखी, आगरात रुतलेली, वर खडूची भुकटी. झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास.

चिप्पी: मग 'मृद्गंधी' म्हणा की!

प्लेटवाला: सगळ्यांना तो वास नसतो. आणि खाडीकाठ, ओली माती तशीच पसरू नका, दोन दिवसांत बाकीचे जिवाणू प्लेट व्यापतात. आठवडाभर सावलीत वाळवा. स्टार्च केसिन आगर निम्म्या समुद्राच्या पाण्यात करा, २८ अंशांवर २१ दिवस ठेवा. सातव्या दिवशी प्लेटा फेकल्यात तर मायक्रोमोनोस्पोरासारखे सावकाश वाढणारे हातचे जातात.

खाडीकाठ: तसंच केलंय. पुढेमागे नाव द्यायची वेळ आली तर 'आचरेन्सिस' चालेल?

प्लेटवाला: स्ट्रेप्टोमायसीस पुल्लिंगी, म्हणून -एन्सिस बरोबर. मायकोबॅक्टेरियम असतं तर नपुंसकलिंगी, -एन्से. पिंपरीच्या नावाचा स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना आहेच, हॅमायसिन हे कवकनाशक औषध त्याच्यातूनच आलं.

कोशकिडा: टिपणात माती कुठली म्हणून लिहिलीत?

खाडीकाठ: 'खाजणातली'.

चिप्पी: खाजण म्हणजे बांध घालून पिकवलेली खारी जमीन. गोव्यात विचारा.

कोशकिडा: गोव्याचं गोव्यात. इकडे भरतीचं पाणी शिरतं तो चिखल म्हणजे खाजण, बांध असो नसो.

चिप्पी: वाद नको, 'कांदळवन' लिहा.

कोशकिडा: कांदळ आहे का पण तिथे?

खाडीकाठ: मुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली. पानं खालून पांढुरकी.

चिप्पी: ते तिवर.