जोडीदाराचा फोन उघडून पाहिल्याने मत्सर शमतो का?

चिंचगुळ: परवा येथे 'सरळवाट' यांनी लिहिले की, प्रत्येक जोडप्याने एकमेकांना फोनचे पासवर्ड द्यावेत आणि लाइव्ह लोकेशन सुरू ठेवावे, म्हणजे मत्सराला जागाच उरत नाही, 'लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली?' त्यावर झालेले कौतुक पाहून राहवले नाही. माझ्या पहिल्या नात्यात आम्ही हेच केले होते. त्याला आधी माझ्या एकाच सहकाऱ्याचे मेसेज खटकत. फोन हाती आल्यावर मामेभावाने पाठवलेल्या बदामापासून डिलीट केलेल्या मेसेजपर्यंत प्रत्येक गोष्टीचा खुलासा मागितला जाऊ लागला. व्हॉट्सॲपवरचे लाइव्ह लोकेशन फार तर ८ तास चालते आणि मग आपोआप बंद होते; ते पुन्हा सुरू करायला विसरले की त्या रात्री जेवण व्हायचे नाही.

सरळवाट: तुम्हाला त्रास झाला हे मान्य, पण एका संशयी माणसावरून सर्वांना नियम लावू नका. मी पुण्यात आणि पत्नी नागपुरात अशा आमच्या नोकऱ्या आहेत. रात्री तिचा फोन व्यस्त लागला की माझ्या मनात नाही नाही ते येत असे. तिने आपणहून पासवर्ड सांगितला आणि त्यानंतर तो वापरावा असे मला एकदाही वाटले नाही.

चिंचगुळ: वापरलाच नाही, तर गुण पासवर्डचा कसा? तुमची तगमग तिने ओळखली, त्याने तुम्ही शांत झालात.

काळाकोट: गोपनीयतेचे कौतुक चालले आहे म्हणून सांगतो. जोडीदाराशी झालेल्या संभाषणाचे चोरून केलेले ध्वनिमुद्रण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा उलट निकाल रद्द केला.

चिंचगुळ: अर्धाच निकाल सांगू नका. पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या थराला आले असतील, तर ते नाते मोडल्याचेच लक्षण आहे, असेही न्यायालयाने त्यातच म्हटले आहे. पुरावा स्वीकारला म्हणजे घराघरांत हेरगिरीला मुभा मिळाली, असे होत नाही.

काळाकोट: कायदा मला शिकवू नका. स्क्रीनशॉटची भेंडोळी घेऊन आलेले अशील मी रोज पाहतो, आणि त्यांतल्या अनेकांचा संशय खरा निघतो.

चिंचगुळ: ज्यांचा संशय खोटा निघतो ते तुमच्याकडे कशाला येतील? की पासवर्डची ही प्रथा वाढली तर आपले काम वाढेल, असा हिशेब आहे?

काळाकोट: ही वैयक्तिक चिखलफेक आहे. मुद्दे संपले की माणूस येथवर येतो.

ओसरी: तुमची कोर्टकचेरी चालू द्या, पण दोघांचेही फोन उघडे असतात हे तुम्ही कोणत्या घरात पाहिलेत? माझ्या भाचीचा फोन टेबलावर पडलेला असतो आणि तो नवऱ्यापासून सासूपर्यंत कोणीही उचलतो. जावईबापूंचा मात्र 'ऑफिसचा' म्हणून कायम कुलूपबंद. तिला मत्सर वाटला तर ती 'संशयी', त्यांना वाटला तर ते 'हळवे'. हे आधी निस्तरा, मग पासवर्ड वाटत बसा.

सरळवाट: ओसरीताईंपुढे कोण बोलणार! 'प्रत्येक जोडप्याने' हे शब्द मागे घेतले, आता तरी समाधान झाले असेल. पण मत्सर वाटलाच तर माणसाने करावे काय, गिळून बसावे?

चिंचगुळ: सांगावे, पण आरोप न करता. माझ्या नवऱ्याला ऑफिसच्या पार्ट्या खुपतात. तो 'जाऊ नकोस' म्हणत नाही, 'आज मला जड जाईल' एवढेच म्हणतो. मी जाते आणि आल्यावर कोण कोण होते ते त्याने विचारण्याआधीच सांगते. माझा पासवर्ड त्याला ठाऊक नाही.

काळाकोट: आपल्या पतीचे अभिनंदन. ध्वनिमुद्रणाबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे आणि निकालातील संबंधित परिच्छेद उद्या येथे देणार आहे.